कुण्या गावच्या? कुणी धाडलं?

लातूरला क्लाससाठी आलेल्या मुली अक्कांच्या हॉस्टेलात राहत; त्याच्या गेटापाशी एक लाल प्लास्टिकची खुर्ची असे आणि त्या खुर्चीत अक्का असत. खुर्चीचा एक पाय आखूड झाला होता, त्याखाली फरशीचा तुकडा लावलेला. याहून बऱ्या खुर्च्या आत पडून होत्या, पण त्या अक्कांना मानवत नसत. गेटापाशी बसलं की रस्ता दिसायचा, स्वयंपाकघराची खिडकी दिसायची, कोण आलं आणि कोण गेलं तेही दिसायचं. कुणी पाऊल आत टाकलं की गवारीच्या शेंगा मोडता मोडता, मान वर न करता अक्का विचारायच्या, "कुण्या गावच्या? कुणी धाडलं?"

हे दोन प्रश्न सगळ्यांना सारखे. मुलीला घेऊन आलेल्या आईबापांना, सिलिंडरवाल्याला, मीटर बघायला आलेल्या माणसाला, सगळ्यांना. मीटरवाला एकदा 'चाकूरचा' म्हणाला, तर त्याला चहा मिळाला आणि त्याच्या मावशीचं घर कोणत्या बोळात आहे तेही अक्कांनीच त्याला सांगितलं. कुणी 'पुण्याचे' असं उत्तर दिलं तर मात्र त्यांचं समाधान होत नसे. "पुण्याला काय, सगळेच राहतेत. मूळ कुठलं?" मग मूळ निघायचं, मग फाटा निघायचा, आणि शेवटी एखादी आत्या नाहीतर एखादा साडू सापडायचाच, ज्यानं त्या माणसाला इथं पाठवलेलं असे. तो सापडला की अक्का सैल व्हायच्या. हॉस्टेलात जागा असो नसो, माणूस जेवल्याशिवाय परत जात नसे.

मी त्यांच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून राहायचे. लातुरात माणूस एकतर डाळ मिलमध्ये असतो, नाहीतर अडतीवर, नाहीतर क्लासमध्ये, असं बाहेरच्यांना वाटतं. मी या तिघांच्याही वेबसाइट करून द्यायचे, घरातल्या घरात, भाजी फोडणीला टाकून. त्यामुळे अक्का मला 'कॉम्प्युटरवाली' म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण ते रागावल्यावर वापरायचं म्हणून त्यांनी राखून ठेवलेलं होतं.

अक्का प्रेमळ होत्या असं काही मला म्हणवत नाही. आवाज मोंढ्यातल्या लिलावाचा, आणि माया करायची रीतही त्याच आवाजातली. चाकूरकडची एक मुलगी अभ्यासाच्या नादात जेवायला खाली येईना. तीन-तीनदा हाक मारून झाली. अक्का वर गेल्या, तिच्या पुढ्यातलं जाडजूड पुस्तक उचलून खाली घेऊन आल्या, आणि गेटापाशी खुर्चीत ठेवून त्यावर बसल्या. मुलगी रडत खाली आली. "भाकरी खा, मग उठते," अक्का म्हणाल्या. मुलीनं हुंदके देत देत भाकरी, येसरची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी संपवली. अक्का उठल्या. पुढं ती मुलगी डॉक्टर झाली आणि आपल्या लग्नाची पत्रिका द्यायला आली, तेव्हा तिनं आधी खुर्चीकडे बघितलं आणि मग अक्कांकडे.

अक्कांना वेबसाइट नकोच होती. "मी काय दुकान मांडलंय का?" असं म्हणून त्यांनी मला दोन वर्षं टोलवलं. पण एका उन्हाळ्यात जळकोटहून आलेली एक बाई पत्ता शोधत अख्खी दुपार ऑटोत फिरली. तिची मुलगी उन्हानं चक्कर येऊन गेटातच बसली. त्या मुलीला लिंबाचं पाणी पाजून झाल्यावर अक्का भिंतीवरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कर बाई तुझं ते काय असतंय ते. पण नियम मी सांगीन तसे लिहायचे."

नियम त्यांनी गवार मोडत सांगितले आणि मी टाइप करत गेले. मी आपली शहाणी, 'विद्यार्थिनींनी वेळेचे काटेकोर पालन करावे' असं काहीतरी लिहिलं. ते वाचून दाखवल्यावर अक्कांनी शेंगांची पाटी बाजूला ठेवली. "हे कोण बोलतंय? मी असं बोलते व्हय?" मग मी ते सगळं पुसलं आणि त्यांच्याच तोंडचं ठेवलं. गरम पाणी सगळ्यांना सारखं, पहिली आली म्हणून बादली भरून न्यायची नाही. आई आली तर तिनं पोरीजवळ झोपावं, लॉज बघू नये. असं बरंच होतं. शेवटचा नियम सांगताना मात्र त्यांचा आवाज जरा खाली आला: निकालाच्या दिवशी पोरगी जेवल्याबिगर तिला मार्क विचारायचे न्हाईत. आईबापानंबी न्हाई.

"असा नियम कुठंच नसतो अक्का," मी म्हटलं. "का बरं?"

"लिही म्हणलं की लिही."

वेबसाइट सुरू झाली, आणि तिच्याबरोबर माझ्या गळ्यात एक रविवारचं काम पडलं. वेबसाइटवर कोण येतं याचा एक रिपोर्ट असतो, असं मी बोलण्याच्या ओघात एकदा सांगून बसले. किती लोक आले, कोणत्या गावाहून आले, कोणत्या वाटेनं आले, कोणतं पान बघितलं. अक्कांचे हात थांबले.

"म्हणजे कुण्या गावचे आन् कुणी धाडलं?"

"हो. तसंच म्हणा."

"मग हे माझंच काम करू लालंय की!"

त्या दिवसापासून दर रविवारी मुलींची न्याहारीची सुशीला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, खाऊन झाली की मी लॅपटॉप घेऊन जायचे, पिठाच्या उपड्या डब्यावर तो ठेवायचे आणि रिपोर्ट वाचून दाखवायचे. डाळ मिलचे मालक हा रिपोर्ट कधी उघडूनही बघत नसत. अक्का मात्र एकेका ओळीवरून माझ्याशी भांडत.

पहिलं भांडण पुण्यावरून झालं. रिपोर्टात पुणे, मुंबई, हैदराबाद हीच नावं वर. जळकोट नाही, चाकूर नाही. "काल जळकोटच्या बाईनं माझ्यासमोर फोनवर उघडून दाखवली," अक्का म्हणाल्या. "तिला ह्यानं कुठं बसवलं?" मी समजावलं, की मोबाइलचं इंटरनेट ज्या मोठ्या शहरातून फिरून येतं त्या शहराचं नाव रिपोर्टात पडतं. माणूस असतो जळकोटात, पण दिसतो पुण्यात. अक्कांनी रिपोर्टाकडे असं बघितलं, जसं मूळ गाव न सांगणाऱ्या पाहुण्याकडे बघत. "मूळ विचारत न्हाई हे. अर्धवट काम हाय."

मग एकदा अमेरिका निघाली. मी सांगितलं की ती माणसं नसतात, वेबसाइट तपासत फिरणारी यंत्रं असतात. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "तिथून कोण येतंय भाकरी खायला."

सगळ्यात मोठी गंमत लातूरची झाली. लातुरातून एकजण रोज येत होता. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. सगळी पानं बघायचा, नियमांच्या पानावर तर बसूनच राहायचा. अक्का खूश. कुणीतरी भला बाप दिसतोय, लेकीसाठी नीट चौकशी करतोय, असं त्यांनी ठरवून टाकलं. भाजीवालीलाही सांगितलं. मला शंका आली तेव्हा मी त्यांचा फोन मागितला. तो भला बाप म्हणजे अक्काच होत्या. सगळं जागेवर आहे ना, हे बघायला त्या हॉस्टेलच्या वायफायवरून दिवसातून तीनदा आपलीच वेबसाइट उघडत. मी त्यांचा फोन मोजणीतून वगळला, तर आठवडाभर त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. "माझ्याच घरातून मला काढलंस," म्हणाल्या, आणि त्या वेळी त्यांनी माझं नाव घेतलं होतं.

आणि एक शब्द त्यांना कधीच पटला नाही. वाट कळली नाही की रिपोर्टात 'थेट' असं लिहून येतं. "थेट कुणी येत नसतंय," त्या ठामपणे म्हणत. "कुणीतरी सांगितल्याबिगर माणूस अनोळखी गेट उघडत न्हाई. ह्याला कळत न्हाई म्हणून हे थेट म्हणतंय." खरं सांगायचं तर हे त्यांचं बरोबर होतं. फोनवरच्या ग्रुपमधून कुणी दुवा पाठवला की तो पाठवणारा रिपोर्टाला दिसत नाही. पण त्यांचं बरोबर आहे असं कबूल केलं असतं तर मला पुढं रविवारी बसणं अवघड झालं असतं.

मे महिन्यातली एक दुपार मला चांगली आठवते. क्लासचे नवीन प्रवेश सुरू व्हायचे होते. मी दुसऱ्याच कुणाच्या कामासाठी लॅपटॉप उघडला होता, सहज अक्कांचा रिपोर्ट बघितला आणि दचकले. एरवी दिवसभरात ओंजळभर माणसं यायची, तिथं सकाळपासून नुसती रीघ लागली होती. वर नाव पुण्याचं नव्हतं, नांदेडचं होतं, म्हणजे लोक घरच्या वायफायवरून येत होते. वाट 'थेट'. आणि सगळ्यांनी एकच पान उघडलेलं, नियमांचं. फीचं पान नाही, खोल्यांचे फोटो नाहीत.

मी आनंदानंच पळत गेले. "अक्का, नांदेडनं धडक मारली बघा!"

अक्कांच्या हातातली शेंग मोडायची राहिली. "नांदेड?" त्यांनी विचारलं. "सगळे नांदेडचेच?"

"हो. घराघरातून येऊ लालेत," मी त्यांच्याच भाषेत म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. त्यांनी तो उचलला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा नाही. फोन वाजत असताना अक्का गप्प बसल्यात, हे मी पहिल्यांदा बघत होते. मला भीती वाटली. मुलींच्या हॉस्टेलची अब्रू काचेची असते, कुणी एक ओळ वाईट लिहिली तरी तडा जातो. कुणीतरी काहीतरी पसरवलं असणार आणि लोक तमाशा बघायला येत असणार, असं माझ्याही मनात आलं.

"काय झालंय अक्का? कोण आहे नांदेडला?"

मग त्यांनी मनीषाचं सांगितलं. मी राहायला येण्याआधीची गोष्ट. मनीषा नांदेडची, गुणी, कमी बोलणारी. मेडिकलच्या परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी अक्कांनी सगळ्या मुलींसाठी पुरणाचा घाट घातला होता. मनीषा ताटावर बसली आणि वडिलांचा फोन आला. त्यांनी मार्क विचारले, तिनं सांगितले. पलीकडून काय बोलणं झालं ते अक्कांना ऐकू आलं नाही. मुलगी ताटावरून उठली, पिशवी भरली आणि निघाली. "मी ताट घेऊन गेटापर्यंत गेले गं तिच्यामागं," अक्का म्हणाल्या. "दोन घास खा म्हणलं. तिनं मागं बघितलं न्हाई. नांदेडच्या बसला जाऊन बसली."

संध्याकाळी अक्कांनी तिच्या घरी फोन लावला. वडील म्हणाले, पुन्हा फोन करू नका. त्यानंतर तो नंबर लागलाच नाही. मनीषा घरी पोचली की नाही, तिचं पुढं काय झालं, हे अक्कांना कधीच कळलं नाही. निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रात बातम्या येतात. अक्का त्या दिवसांत पेपर का बंद ठेवत, हे मला तेव्हा उमगलं. पेपरवाल्याशी भांडण झालंय असं त्या मला सांगायच्या.

"तिचं काही बरंवाईट झालं असंल," त्या म्हणाल्या. "आन् आता ते भायेर आलंय. लोक म्हणत असतील, ही नियम लिहिणारी बाई बघा, हिच्याच ताटावरनं उठून गेलं लेकरू."

फोन पुन्हा वाजला. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "अक्का, रिपोर्ट सांगणार नाही. तो थेट म्हणतोय. तुम्हालाच विचारावं लागेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पदराला हात पुसून फोन उचलला आणि मी पुढं होऊन त्याचा स्पीकर चालू केला.

"हॅलो, अक्कांचं हॉस्टेल का हे?" बाईचा आवाज होता, मोकळा. "निकालाच्या दिवशी जेवल्याशिवाय मार्क विचारत नाहीत, ते तुम्हीच का?"

"कुण्या गावच्या?" अक्कांनी विचारलं.

"नांदेडहून बोलतेय. माझी मुलगी यंदा लातूरला यायची आहे..."

"कुणी धाडलं?"

"आमच्या शाळेतल्या मॅडमनी. काल पालकांची मीटिंग होती ना, त्यात त्यांनी तुमचे नियम मोठ्यानं वाचून दाखवले. शेवटचा नियम तर त्यांनी दोनदा वाचला. मग पालकांच्या ग्रुपवर टाकले त्यांनी. आमच्याकडं सगळे तेच वाचत बसलेत."

"नाव काय मॅडमचं?"

"मनीषा मॅडम. गणित शिकवतात."

अक्कांनी फोन मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले. ती बाई 'हॅलो, हॅलो' करत होती. शेवटी अक्कांनी फोन परत उचलला आणि विचारलं, "जेवती का नीट? अंगानं कशी हाय?"

पलीकडच्या बाईला वाटलं, अक्का तिच्या मुलीबद्दल विचारतायत. ती म्हणाली, "जेवते हो, पण भाजीला नाकं मुरडते." अक्का रडता रडता हसायला लागल्या, आणि मीही. मला आयुष्यात इतकं हलकं फार थोड्या वेळा वाटलं असेल. अक्कांनी त्या दुपारी उरलेले सगळे फोन उचलले आणि प्रत्येक बाईला त्याच मनीषा मॅडमबद्दल काही ना काही विचारून घेतलं. रात्रीच्या स्वयंपाकात गवारीत मीठ नव्हतं, आणि कुणी तक्रार केली नाही.

मला वाटलं होतं, अक्का लगेच मनीषाला फोन करतील. नाही केला. गल्लीतल्या मांजराचंही मूळ विचारणारी ही बाई तिचा नंबरसुद्धा कुणाला मागेना. "तिला वाटंल तवा येईल," म्हणाल्या. "तिच्या घरच्यानी फोन करू नका म्हणलं होतं. मी शब्द मोडत न्हाई." मात्र दर रविवारी रिपोर्ट उघडला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "आली होती का?"

"अक्का, यात माणसाचं नाव नसतं. नुसतं गाव असतं."

"नांदेड हाय ना त्यात?"

"आहे."

"बस झालं मग."

पुढं मीच नांदेडला राहायला गेले. हॉस्टेल आता अक्कांची पुतणी बघते. अक्का जळकोटच्या घरी असतात, आणि तिथंही गेटाला लागून खुर्ची टाकतात असं ऐकते. पण मला त्या आठवतात त्या लातुरातल्या माझ्या शेवटच्या रविवारी दिसल्या तशा.

रिपोर्ट वाचून झाला होता आणि मी लॅपटॉप मिटत होते. गेट वाजलं. खादीचा कुर्ता घातलेली, खांद्याला पिशवी अडकवलेली एक तरुण बाई आत आली आणि तिथंच उभी राहिली. अक्का मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुण्या गावच्या? कुणी धाडलं?"

"नांदेडची," ती म्हणाली. "कुणी धाडलं नाही, अक्का. माझी मीच आले."

अक्कांचे हात थांबले. त्यांनी वर बघितलं, बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता गळ्यात पडणं वगैरे होणार, म्हणून मी डबा घेऊन जरा बाजूला सरकले. तसलं काही झालं नाही. अक्का उठल्या, लुगड्यावरची मेथीची पानं झटकली आणि म्हणाल्या, "पोटात काही हाय का?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. अक्कांनी तिला स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं आणि वाढलं. पिठलं, भाकरी, चटणी, वर कांदा फोडून. मनीषा जेवत होती आणि अक्का समोर उकिडव्या बसून तिच्या ताटाकडे बघत होत्या. मधे एकदा मनीषा काहीतरी सांगायला लागली, तर अक्कांनी बोटानंच ताट दाखवलं. तिनं पुन्हा मान खाली घातली आणि जेवू लागली. भात झाला, ताक झालं. तिनं ताटात पाणी ओतून हात धुतला.

मग अक्का पुढं सरकल्या. पदराच्या टोकानं तिचा हात पुसला आणि म्हणाल्या, "आता सांग. किती पडले होते गं त्या दिवशी?"

मनीषानं आकडा सांगितला.

"बरे हायेत की," अक्का म्हणाल्या. "एवढ्यासाठी उपाशी गेलीस व्हय?"